मंगलच्या पेशी बघायला तुर्भ्याला

उदगीरला परतल्यावर दुसऱ्याच दिवशी शेजारच्या काकू दारात आल्या. "कुठं गेलतात दोघं? कुलूप दिसायलं होतं."

"नवी मुंबईला. पेशी बघायला," मंगल म्हणाली.

काकूंचा चेहरा उतरला. आमच्या भागात पेशी म्हणजे कोर्टातली तारीख. "अगं बाई! कुणी केस टाकली? जमिनीची का?"

मंगल हसली. म्हणजे हसण्याचा आवाज काढला. कंपवातानं माझ्या बायकोच्या चेहऱ्याचे स्नायू असे आखडलेत की हसू आतल्या आत होऊन जातं आणि बाहेर चेहरा कोराच राहतो. त्यामुळे काकूंना ती रागावली असं वाटलं आणि माझं काम दुप्पट झालं. आधी रागावली नाही हे सांगायचं, मग पेशी म्हणजे कोर्टातली नव्हे, अंगातली, हे सांगायचं. सांगता सांगता लक्षात आलं की ही हकीकत दारात उभ्याउभ्या संपणारी नाही. म्हणून तेव्हापासून सवडीनं बसून लिहितो आहे.

मी हायस्कूलात विज्ञान शिकवत होतो. मंगल मुलींच्या शाळेत पीटी शिकवायची आणि तालुक्यातली सगळी कबड्डी तिच्या शिट्टीवर चालायची. आधी तिचा उजवा हात थरथरायला लागला, मग चाल आखडली, मग आवाज बारीक झाला. ज्या बाईचा आवाज मैदानाच्या या टोकाहून त्या टोकाला जायचा, तिला आता भाजीवाला दोनदा विचारतो, "काय म्हणालात?"

तिच्या संघात रोहिणी नावाची एक चपळ मुलगी होती. ती पुढे शिकत शिकत पार डॉक्टरेटपर्यंत गेली आणि नवी मुंबईत, तुर्भ्याला, एका प्रयोगशाळेत लागली. चेतापेशींमध्ये प्रोटीनच्या गुठळ्या साचल्या की त्या पेशी कडक होतात का मऊ, हे तिथे मोजतात. गेल्या वर्षी तपासणीसाठी मुंबईला गेलो तेव्हा रोहिणीनं विचारलं आणि मंगलनं दंडाच्या आतल्या बाजूचा डाळीएवढा कातडीचा तुकडा त्या कामासाठी दिला. त्या तुकड्यातल्या पेशी मागे फिरवून, पुन्हा कोवळ्या करून, त्यांच्यापासून चेतापेशी बनवता येतात. मी आयुष्यभर विज्ञान शिकवलं, पण हे ऐकून मला जादूगाराची टोपी आठवली.

या जानेवारीत रोहिणीचा फोन आला. "मॅडम, नमुने मस्त वाढताहेत. सरांना घेऊन या, मी परमिशन काढते."

मी म्हणालो, एवढा प्रवास कशाला, फोटो पाठव म्हणावं. मंगल म्हणाली, "माझ्या अंगात काय चाललंय ते आजवर सगळे मलाच सांगतात. एकदा मला बी बघू द्या की." मी तिकिटं काढली.

जुईनगर

रोहिणी जुईनगरला आईबरोबर राहते. आई, अनुसयाबाई, मूळच्या आमच्याच तालुक्यातल्या. सकाळी रिक्षातून उतरलो तेव्हा त्या इमारतीच्या फाटकात उभ्या होत्या. "जयभीम सर, जयभीम मॅडम," म्हणत त्यांनी मंगलची पिशवी आधी काढून घेतली.

उदगीरला थंडी होती, इथे गळ्यापाशी घाम. कपडे अंगाला चिकटत होते, आणि झाडं मात्र धुळीनं पांढरी. इमारतीत शिरतानाच पहिली फजिती झाली. मी सामान घेऊन लिफ्टमध्ये शिरलो, मागून मंगल येत होती, आणि उंबऱ्याशी तिचे पाय जमिनीला चिकटले. कंपवातात असं होतं. मोकळ्या रस्त्यावर माणूस नीट चालतं, पण दार आलं, अरुंद जागा आली, की पाय जणू कुणी धरून ठेवतं. मी तिचा हात धरायला वळेपर्यंत दार मिटलं आणि वरून कुणीतरी लिफ्ट बोलावली. मी दोन पिशव्यांसह थेट वरच्या मजल्यावर. तिथे एक गृहस्थ कुत्र्याला घेऊन उभे. "कुणाकडे?" त्यांनी विचारलं. मला अनुसयाबाईंचा मजला आठवेना. "खाली," मी म्हणालो.

खाली आलो तर मंगल अजून तिथेच, आणि वॉचमन तिची समजूत घालत होता. "आंटी, गुस्सा मत करो, अंकल आयेंगे." तो कोरा चेहरा बघून त्यालाही राग वाटला होता. मी नेहमीची युक्ती केली. माझं पाऊल तिच्या पावलापुढे आडवं ठेवलं. ओलांडायला काही मिळालं की तिचे पाय सुटतात. ती माझं पाऊल ओलांडून लिफ्टमध्ये आली आणि म्हणाली, "वर काय होतं?"

"कुत्रं."

"तरीच लवकर आलात."

दुपारी अनुसयाबाईंनी ज्वारीच्या भाकरी थापल्या. ज्वारी गावाकडून येते. पण त्यांची तक्रार अशी की इथल्या हवेत भाकरी कडक राहतच नाही, सकाळची दुपारी मऊ पडते. "माणसं बी तशीच होतात काय की," त्या म्हणाल्या. "गावाकडं मी शब्दाला शब्द करायचे. इथं सोसायटीची मीटिंग असली की गप बसते." आमच्याकडे पाहुण्याला जेवणाचा आग्रह करून करून बेजार करतात. अनुसयाबाईंनी तो रिवाज इथेही सोडलेला नव्हता. मंगलचा चमचा हलत होता आणि आमटी ताटाबाहेर सांडत होती, त्याकडे मात्र त्या बघत नव्हत्या. इतक्या प्रयत्नानं बघत नव्हत्या की मंगलला ते कळत होतं.

रोहिणी संध्याकाळी आली ती उड्या मारतच. "मॅडम, उद्या! टेन्शन नका घेऊ, सगळं सेट आहे." मंगलनं तिच्या पाठीवर थाप मारली. ती थाप हवी होती त्यापेक्षा बरीच हळू बसली. तरी ते नातं तसंच होतं, हे मी बघितलं.

तुर्भे

तुर्भ्याचा रस्ता म्हणजे ट्रकांची रांग. रंगाचा वास, कुठूनतरी तळलेल्या मिरचीचा वास, वेल्डिंगच्या ठिणग्या. अशा कारखान्यांच्या वसाहतीत मेंदूवर काम चालत असेल असं कुणाला वाटणार नाही. इमारतही बाहेरून गोदामासारखीच. आत गेल्यावर मात्र एकदम थंडी आणि शांतता.

प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. तांडेल आम्हाला भेटले. चाळिशीचे, सावळे, शर्टाच्या बाह्या वर दुमडलेल्या. रोहिणी त्यांच्या मागे उभी होती आणि तिच्या डोळ्यांकडे बघूनच मला कळलं की काहीतरी बिनसलंय.

"बसा ना," डॉ. तांडेल म्हणाले. "आधी वाईट बातमी सांगतो. रोहिणीला पण आजच कळली. गेल्या आठवड्यात आमच्या एका उबवण्याच्या कपाटात बुरशी शिरली. त्यातले काही नमुने मेले. नमुन्यांना फक्त नंबर असतात, नावं एका डॉक्टर बाईंकडेच असतात, आम्हाला देत नाहीत. त्यांनी काल कळवलं की गेलेल्यांत एक तुमचाही होता."

रोहिणी रडायला लागली. "मॅडम, मी तुम्हाला एवढ्या लांबून बोलावलं..."

मी मंगलकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, आणि त्या क्षणी मलाही कळलं नाही की आत काय चाललंय. इतक्या वर्षांच्या संसारात मला तिचा चेहरा वाचता येत होता. आता मी तिच्या हातांकडे बघतो. उजवा हात मांडीवर जोरात थरथरत होता.

"सगळ्या?" तिनं विचारलं.

"सगळ्या. काही आम्ही गोठवून ठेवतो, पण तुमच्या ठेवायच्या राहून गेल्या."

मग मंगल म्हणाली, "दुसऱ्या कुणाच्या हायत का जिवंत?"

"आहेत."

"मग त्या दाखवा. आलोच हाव तर."

आम्हाला पांढरे झगे घातले, पायांत कापडी पिशव्या चढवल्या. आतल्या खोलीच्या दाराशी मंगलचे पाय पुन्हा थांबले. मी माझा पाय आडवा घातला, ती ओलांडून गेली. डॉ. तांडेल थांबून तिच्या पावलांकडे बघत होते.

खोलीत एका जड टेबलावर यंत्र होतं. टेबल हवेवर तरंगतं ठेवलेलं, कारण बाहेरून ट्रक गेला तरी मोजमाप हलतं. बशीत गुलाबीसर कोमट पाणी. त्यातलं काही डोळ्यांना दिसत नव्हतं. मग डॉ. तांडेलांनी पडदा लावला.

मी वर्षानुवर्षं फळ्यावर चेतापेशी काढली. चांदणीसारखं डोकं, त्याला एक लांब शेपूट, शेपटाच्या टोकाला फाटे. मुलं वहीत उतरवून घ्यायची, परीक्षेत नावं द्यायची. ती खरीखुरी मी जन्मात बघितली नव्हती. आता पडद्यावर राखाडी उजेडात ती होती. माझ्या चित्रापेक्षा वेडीवाकडी. एक शेपूट लांब जाऊन दुसरीच्या अंगाला टेकलेलं, आणि त्या शेपटातून काहीतरी बारीक कण पुढे मागे सरकत होते. थांबायचे, पुन्हा निघायचे.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"मालाची ने-आण," रोहिणी म्हणाली. तिचा आवाज अजून ओला होता. "पेशीला लागणारं सगळं डोक्यातून शेपटाच्या टोकापर्यंत असंच पोचवावं लागतं."

मग पडद्यावर एका बाजूनं पट्टीची सावली आली. त्या पट्टीच्या टोकाला अतिशय बारीक सुई असते, डोळ्यांनी दिसणार नाही एवढी. पट्टी खाली येते, सुई पेशीच्या अंगाला टेकते, हलकेच दाबते, पुन्हा वर जाते. पट्टी किती वाकली ते तिच्या पाठीवर पडलेल्या प्रकाशाच्या किरणावरून कळतं. पेशी मऊ असेल तर सुई आत जाते आणि पट्टी कमी वाकते. कडक असेल तर उलट. दुसऱ्या पडद्यावर दर दाबाला एक रेघ उमटत होती. आधी आडवी, मग वर चढणारी.

"आंबा पिकला का बघतात तसं," मंगल म्हणाली.

"तसंच," डॉ. तांडेल हसले. "फक्त आंबा जिवंत राहिला पाहिजे."

त्यांनी दुसरी बशी ठेवली. त्याच माणसाच्या पेशी, पण यात बाहेरून थोडं बिघडलेलं प्रोटीन सोडलेलं होतं. कंपवातात जे प्रोटीन मेंदूत साचतं तेच. नीट असतं तेव्हा ते पेशीत निमूटपणे काम करतं. त्याची घडी चुकली की एकमेकांना चिकटून त्याचे धागे होतात, धाग्यांच्या गुठळ्या होतात, आणि चुकलेली घडी शेजारच्या चांगल्या प्रोटीनलाही आपल्यासारखं करून टाकते. निळ्या उजेडात त्या गुठळ्या हिरव्या चमकल्या. एकेका पेशीत चार-दोन ठिपके, काजव्यासारखे. दिसायला सुंदर होते, हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण होते.

पट्टी खाली आली. या वेळी रेघ ताठ चढली.

"कडक," मंगल म्हणाली.

"ही कडक निघाली. सगळ्याच निघत नाहीत. काही प्रयोगांत उलट मऊ झालेल्याही दिसल्यात. आणि कडक झाल्यामुळे पेशी मरते, का मरायला लागली म्हणून कडक होते, हे आम्हाला अजून सांगता येत नाही."

"माझं अंग आखडतं ते ह्यामुळंच का?"

"नाही मॅडम. ते वेगळं. पेशी मरतात तसं मेंदूतलं एक रसायन कमी पडतं, म्हणून स्नायूंना हुकूम नीट पोचत नाही, म्हणून तुमचं अंग आखडतं. हा कडकपणा एकेका पेशीच्या आतला आहे. तो तुम्हाला कधीच जाणवणार नाही."

मंगल पडद्याजवळ सरकली. "ह्या कुणाच्या हायत?"

"मलाही माहीत नाही. कोण आजारी, कोण निरोगी, हे मोजणाऱ्याला कळू देत नाही आम्ही. कळलं तर नकळत हात झुकतो."

"बरोबर हाय," ती म्हणाली. "गावातल्या सामन्याला गावचाच पंच नसावा."

आता मला राहवलं नाही. "औषध कधी निघणार?" मी विचारलं. माझा आवाज त्या शांत खोलीत मलाच मोठा वाटला.

डॉ. तांडेलांनी रोहिणीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "सर, खोटं बोलत नाही. या कामातून निघालंच काही, तर बहुधा मॅडमसाठी नाही निघणार. पुढच्यांसाठी."

मी झगा काढला आणि बाहेर आलो. रस्त्यावर ट्रक हॉर्न वाजवत होते. टपरीवर चहा घेतला, तो न पिताच ठेवला. मला डॉक्टरांचा राग नव्हता. त्यांनी खरं सांगितलं होतं. पण इतक्या लांब यायचं, बाईनं अंगाचा तुकडा द्यायचा, तो बुरशीनं खायचा, वर ऐकायचं की तुझ्यासाठी काही नाही. कशासाठी? मुलांना मी सांगायचो की विज्ञानात अपयशातूनच वाट निघते. फळ्यापाशी उभं राहून ते सांगायला सोपं असतं.

बऱ्याच वेळानं मंगल आणि रोहिणी खाली आल्या.

"चला," मी म्हणालो. "उद्याची गाडी बघतो."

"परवाची बघा," मंगल म्हणाली. "परवा सकाळी पुन्हा तुकडा द्यायचाय. मी हो म्हणलंय."

"मंगल, पुरे झालं आता."

"तुम्ही कशाला एवढं तापायलाव? दंड माझा हाय."

रोहिणी कावरीबावरी होऊन म्हणाली, "सर, मॅडमना कुणी फोर्स नाही केला. मी तर नको म्हणत होते."

आम्ही रिक्षात बसलो. जुईनगर येईपर्यंत मी बाहेरचे ट्रक मोजत होतो.

दिवाळे

दुसरा दिवस रविवार. डॉ. तांडेलांनी जेवायला बोलावलं होतं. माझी इच्छा नव्हती, पण मंगलनं साडी नेसून ठेवली होती.

बेलापूरच्या उंच काचेच्या इमारतींच्या पाठीशी दिवाळे हे त्यांचं मासेमारांचं गाव आहे. गल्ल्या एवढ्या अरुंद की समोरासमोरच्या घरांनी खिडकीतून मीठ मागावं. ओट्यांवर जाळी, दोरीवर सुकत घातलेले बोंबील. त्या वासानं आमच्यासारख्या देशावरच्या माणसाच्या नाकाला आधी जरा दचकायला होतं. घरातली बरीच माणसं आता नोकरीला जातात, तरी प्रत्येक दारात होडीची काहीतरी खूण होतीच.

डॉक्टरांची आई ओट्यावरच होती. "ये गो बाय, आतमदी ये. पानी पी आदी." मंगलचा हात हलताना त्यांनी सरळ बघितला आणि सरळ विचारलं, "हाताला काय झालाय गो तुज्या?"

"कंपवात हाय."

"दुखतं?"

"दुखत नाही. ऐकत नाही."

"मंग माज्या पोरासारका हाय," त्या म्हणाल्या, आणि डॉक्टर आतून ओरडले, "आये!"

जेवायला चिंबोऱ्यांचं कालवण, तळलेले बोंबील, तांदळाच्या पांढऱ्याशुभ्र भाकरी. आमच्या ज्वारीच्या भाकरीला जबड्याची ताकद लागते. ही तोंडात विरघळत होती. पण चिंबोरी म्हणजे खेकडा. तो फोडून खायला आखडलेली, हलणारी बोटं काय कामाची? मी मदतीला सरकणार एवढ्यात डॉक्टरांच्या आईनं मंगलच्या ताटातला नांगा उचलला, आपल्या दाढेखाली फोडला आणि आतला मऊ गर काढून तिच्या भातावर ठेवला. गप्पा न थांबवता. पुढचाही. कालवण मंगलच्या हनुवटीवरून ओघळलं तेव्हा म्हणाल्या, "हात हालतं त हालू दे. पोटान गेला म्हंजे झाला."

मंगलनं पोटभर जेवण केलं. असं जेवताना मी तिला बऱ्याच महिन्यांनी बघितलं.

जेवणानंतर डॉक्टर मला धक्क्याकडे घेऊन गेले. ओहोटी होती. होड्या चिखलात कलंडलेल्या. मी विचारलं, "तुमच्या घरात कुणाला आहे का हा आजार?"

"नाही सर. सगळे असंच विचारतात. मी आधी टायरचं रबर मोजायचो, याच यंत्रावर. एका मीटिंगला कुणीतरी म्हणालं, पेशी मोजता येतील का. म्हटलं बघू." ते थोडे संकोचले. "देणाऱ्या माणसाला समोर बसवून बोलायची वेळ कालच पहिल्यांदा आली. मला नीट बोलता आलं नाही."

"नीटच बोललात," मी म्हणालो. मग एक शंका विचारली. कुठेसं वाचलं होतं की असल्या आजारांत मेंदू एकूण मऊ पडतो. मग पेशी कडक कशी?

त्यांनी जवळच्या ओट्यावरचं जाळं उचललं. "समजा याच्या गाठी कडक झाल्या, डांबर लागल्यासारख्या. पण मधले धागे एकेक करून तुटत गेले. मग हे जाळं एकूण हातात कसं लागेल?"

"ढिलं."

"बस. निदान आमचा अंदाज तरी असा आहे. उद्या चूकही ठरेल."

चूक ठरेल, हे ते इतक्या सहज म्हणाले की मला हेवा वाटला.

परत आलो तर मंगल ओट्यावर एकटीच बसली होती. मी शेजारी बसलो. समोर चिखलात बगळे चालत होते, एकेक पाय जपून उचलत.

"औषध मिळणार नाही हे मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "रोहिणीनं गेल्या वर्षीच सांगितलं होतं. तुम्हाला मी बोलले नाही."

"का?"

"तुम्ही आशेवर होतात. मला ते चांगलं वाटायचं."

तीच पुढे म्हणाली. तिचा आवाज आता इतका बारीक आहे की ऐकायला वाकावं लागतं. "तुम्ही फळ्यावर जी काढायचात ती चांदणी... ती कुणीतरी पहिल्यांदा बघितली असल ना? कुणाची तरी होती ती. त्या माणसाला काय मिळालं?"

"काही नाही."

"नावसुद्धा नाही. आणि तुम्ही त्यावर नोकरी केलीत." तिच्या घशातून हसण्याचा आवाज आला. "काल पडद्यावर जी होती, ती बी कुणाची तरी. त्यानं दिली म्हणून मला दिसली. माझी कुणाला तरी दिसू द्या."

मी तिचा हलणारा हात हातात घेतला. धरून ठेवला तरी तो हलतच होता. मी धरूनच बसलो.

वाशी

कातडीचा तुकडा वाशीच्या एका दवाखान्यात घ्यायचा होता. खोलीच्या दाराशी मी सवयीनं पाय आडवा घालायला गेलो, पण तिथे फरशीवर चिकटपट्टीचा पिवळा पट्टा होता, नुकताच चिकटवलेला. मंगल तो ओलांडून सरळ आत गेली.

भूल देणारी सुई टोचली तेव्हा तिनं डोळे मिटले. मग नर्सनं एका बारीक नळीसारख्या अवजारानं तुकडा काढला. रोहिणीनं ती बाटली दोन्ही हातांत अशी धरली होती की जणू आत दिवा लागलाय.

"ह्या वेळी आधी गोठवून ठेवा थोड्या," मंगल तिला म्हणाली.

"पहिलं तेच करणार मॅडम. एकदा गोठवल्या की कित्येक वर्षं राहतात. हव्या तेव्हा काढून वाढवायच्या."

"म्हणजे मी गेल्यावर बी?"

रोहिणी गोंधळली. माझ्याकडे बघायला लागली. मग हळूच म्हणाली, "हो."

"बघा," मंगल मला म्हणाली, "मेल्यावर बी तुर्भ्याला ड्यूटी."

नर्सला हसू आवरेना. मलाही हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले. रोहिणी तर उघडच रडत होती. त्या खोलीत कोऱ्या चेहऱ्याची एकटी मंगलच. तिघांना असं करून ठेवून ती दंडावरची पट्टी नीट बसली का ते बघत होती.

संध्याकाळी गाडीत बसताना अनुसयाबाईंनी भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी बांधून दिली. चटणी दिवाळ्याहून आली होती. घाट चढल्यावर हवा कोरडी झाली तसं माझ्या लक्षात आलं की जाताना जे ओझं मी नेलं होतं, औषधाच्या आशेचं, ते आता सोबत नव्हतं. ते गेल्याचं सुख झालं असं म्हणणार नाही. पण डबा उघडून आम्ही दोघांनी जेवण केलं आणि ती माझ्या खांद्यावर झोपली.

उदगीर

मार्चअखेर रोहिणीचा फोन आला. नव्या पेशी रुजल्या होत्या. काही गोठवून झाल्या होत्या, बाकीच्या वाढत होत्या. नंबर कुठला ते तिलाही ठाऊक नव्हतं आणि आम्ही विचारलंही नाही. फक्त त्या डॉक्टर बाईंनी कळवायला सांगितलं होतं की तुमच्या जगल्या.

मंगल तेव्हा अंगणात खुर्चीत बसली होती. मी फोन तिच्या कानाला लावला. तिनं ऐकलं, "बरं" म्हणाली, आणि फोन मला परत दिला.

मी म्हणालो, "मग पुन्हा जाऊ या का? या वेळी नक्की बघायला मिळतील."

तिनं जरा विचार केला. चेहरा कोराच होता. मी तिच्या हाताकडे बघितलं, तो नेहमीसारखाच हलत होता.

"आता कशाला?" ती म्हणाली. "आईबाप बघत बसले की पोरं मोकळी खेळत नाहीत."